'दोमोब्रान'ला गृहरक्षक म्हणावं का?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या क्रोएशियाच्या 'दोमोब्रान्स्त्वो' या सैन्याला मराठीत 'गृहरक्षक दल' म्हणता येईल का, आणि 'उस्ताशा' हे त्याच सैन्याचं दुसरं नाव आहे का?

दोन्हींचं उत्तर 'नाही'. व्युत्पत्तीने पाहिलं तर गृहरक्षक बरोबर आहे. 'दोम' म्हणजे घर. आपल्या 'दंपती'तला 'दम्' त्याचाच भाऊबंद. 'ब्रानिती' म्हणजे राखणं. पण मराठीत गृहरक्षक म्हटलं की गणपतीच्या बंदोबस्तात पोलिसांच्या मदतीला उभा राहणारा स्वयंसेवक डोळ्यांसमोर येतो. दोमोब्रान हा सक्तीने भरती झालेला नियमित सैनिक. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलात, १८६८ ते १९१८, क्रोएशियाच्या सैन्याचं हेच नाव होतं. एप्रिल १९४१ मध्ये जर्मनी-इटलीच्या जोरावर क्रोएशियन फॅसिस्ट नेता आन्ते पाव्हेलिच याचं राज्य उभं राहिलं, तेव्हा ते पुन्हा वापरात आलं. म्हणून 'दोमोब्रान' तसंच ठेवावं आणि पहिल्या उल्लेखात 'नियमित सैन्यातला शिपाई' एवढा खुलासा करावा.

उस्ताशा ही पाव्हेलिचची फॅसिस्ट संघटना. तिचं सशस्त्र दल वेगळं, पक्षनिष्ठ स्वयंसेवकांचं. सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांची जिथे कत्तल झाली ती यासेनोवात्सची छावणी उस्ताशांच्या ताब्यात होती. दोमोब्रानही त्याच राजवटीसाठी लढले, तेव्हा त्यांना निर्दोष ठरवायचं कारण नाही. पण शत्रूसुद्धा दोघांना एका मापाने मोजत नव्हता. पार्टिझान, म्हणजे कम्युनिस्ट नेता तितोचे गनिमी सैनिक, पकडलेल्या दोमोब्रानची शस्त्रं आणि गणवेश काढून घेत आणि पुष्कळदा त्याला घरी जाऊ देत. उस्ताशाच्या वाट्याला बहुधा गोळी येई. ऑगस्ट १९४४ मध्ये तितोने दोमोब्रानांना माफी देऊ केली. वर्षअखेरीस दोन्ही दलं एकत्र करण्यात आली, त्यामुळे १९४५ बद्दल लिहिताना 'क्रोएशियन सशस्त्र दलं' म्हणणंच योग्य.

अनेकवचन मात्र सोपं आहे: उस्ताशा–उस्ताशे, घोडा–घोडे यांसारखं, आणि क्रोएशियनमध्येही तसंच!

पाव्हेलिचच्या या राज्याला काही जण 'मांडलिक' म्हणतात, तेही टाळावं. मांडलिकाला स्वतःची गादी असते, खंडणी देऊन तो ती राखतो. इथे मे १९४१ मध्ये इटलीच्या राजघराण्यातला आयमोने राजा नेमला गेला, त्याच सुमारास दाल्मेशियाचा मोठा किनारा इटलीने घेतला, आणि राजा क्रोएशियात कधी आलाच नाही. याला मराठीत 'कळसूत्री राज्य' म्हणतात.