जंतू बाहेर असताना दाढेच्या आत सूज कशी येते?

प्रश्न : माझ्या दाढेला कीड लागली आहे. ती नसेपर्यंत पोहोचलेली नाही, असे एक्स-रे पाहून डॉक्टरांनी सांगितले. तरीही रात्री आडवे होताच दाढ ठणकते. जंतू आत गेलेच नसतील, तर सूज कशी? डॉक्टरांनी अँटिबायोटिक का दिले नसावे? घरी मिश्री लावण्याचा आग्रह होत आहे.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : सूज येण्यासाठी जंतू स्वतः आत शिरावे लागत नाहीत, त्यांच्या आवरणातून सुटणारी द्रव्ये पुरेशी ठरतात. दाताच्या बाहेरच्या टणक थराखाली, म्हणजे इनॅमलखाली, असणाऱ्या डेन्टिन या थरात दर चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो, त्यामुळे लायपोपॉलिसॅकराइडसारखे जंतूंच्या बाह्यावरणातील द्रव्य त्या वाटेने झिरपत दंतमज्जेपर्यंत, म्हणजे आपण जिला नस म्हणतो तिथपर्यंत, जंतूंच्या आधीच पोहोचते. तेथील पेशींवर असे द्रव्य ओळखणारी ग्राही प्रथिने (रिसेप्टर) असतात. त्यांपैकी टीएलआर-४ हे प्रथिन लायपोपॉलिसॅकराइड ओळखते, हे अमेरिकी शास्त्रज्ञ ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना २०११ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. द्रव्याची ओळख पटताच पेशी दाहकारक रसायने सोडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पाझरलेला द्रव साचतो. हातापायाला सूज आली तर कातडी ताणली जाते. दाढेच्या टणक भिंती मात्र तसूभरही सरकत नाहीत, म्हणून दाब थेट चेतातंतूंवर येतो. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्तदाब वाढतो आणि ठणकाही वाढतो. शिवाय जंतूंचे हे द्रव्य वेदनेच्या चेतातंतूंना थेटही चेतवते.

अँटिबायोटिकने किडलेला भाग निघत नाही, आणि मेलेल्या जंतूंच्या आवरणातही तेच द्रव्य असते. चेहऱ्यावर सूज किंवा ताप नसताना ते न देण्याचा डॉक्टरांचा निर्णय मला योग्य वाटतो. कीड काढून दाढ घट्ट बंद करणे हाच खरा उपचार आहे. मात्र काही न खाता-पिता आपोआप उठणारा रात्रीचा ठणका हे मज्जा पूर्ववत होण्यापलीकडे गेल्याचे लक्षण असू शकते, आणि तसे असल्यास रूट कॅनॉल करावे लागते.

मिश्री मात्र मुळीच लावू नका. आपल्या तंबाखूपट्ट्यात घरोघरी तिच्यावर भरवसा असला, तरी ती जाळलेली तंबाखूच आहे. तिने कीड थांबत नाही, उलट हिरड्यांची हानी होते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ठणका अचानक थांबला, तरी दाढ बरी झाली असे समजू नका. मज्जा मेल्यावरही वेदना थांबते आणि संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरू शकतो. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ या संस्थांची दंत महाविद्यालये आहेत, तेथेही दाखवता येईल. जबडा सुजला, ताप आला किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.