आरोग्य-सल्ला : रिपोर्ट नॉर्मल, तरी पोटात कळ

प्रश्न : खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून रोज बेळगावला कॉलेजला येतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. सकाळी बसच्या आधी तीन-चार वेळा शौचाला जावं लागतं. रविवारी काही त्रास नाही. तपासण्या नॉर्मल. मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून रोज घेतो. झोपायला दीड वाजतो.

उत्तर : रविवारी पोट शांत असतं, ही तुमच्या पत्रातली सगळ्यांत कामाची ओळ. जंतू वार बघून त्रास देत नाहीत. ताणात मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि जठराची मंदावते, म्हणून कळही येते आणि खावंसंही वाटत नाही. त्यात उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसोल या ताणाच्या हार्मोनचं प्रमाण एरवीही चढतंच. नेमक्या त्याच वेळी बहुतेक मुलं रिकाम्या पोटी चहा ढोसून स्टँडकडे पळतात.

रोजची गोळी बंद करा. तिनं आतडं तेवढ्यापुरतं गप्प बसतं, मग पोट फुगतं, कडक होतं. खाल्लं की मोठं आतडं आपसूक हलतं, त्याचाच उपयोग करून घ्या. बस साडेसातची असेल तर सहाला उठून साडेसहापर्यंत भाकरी किंवा उप्पीट खा, चहा त्यानंतर. पोट घरीच मोकळं व्हायला वेळ मिळतो. ‘वाटेत लागली तर?’ ही धास्ती अर्धा आजार आहे. बसमध्ये पाच मिनिटं चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. चक्कर आल्यासारखं झालं तर श्वास फार खोल घेताय, हलका करा.

झोपेचं म्हणाल, तर आज एकदम साडेदहाला आडवे होऊ नका, नुसते कूस बदलत पडाल. उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा आणि झोपायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा. दुपारी तीननंतर चहा नको. साधारण पाच तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं.

जागरणाचं मूळ बहुधा वर्गात आहे. इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून गेलं की तेच रात्री उपसत बसावं लागतं. त्याऐवजी आदल्या संध्याकाळी २० मिनिटं धड्याची शीर्षकं चाळा, आठ-दहा संज्ञांचा मराठी अर्थ समासात लिहा. दुसऱ्या दिवशी विषय आणि भाषा दोन्ही एकदम पकडायची कसरत उरत नाही.

वजन घटलं, शौचातून रक्त गेलं, ताप आला किंवा झोपेतून उठून जावं लागलं, तर मात्र ताणावर न ढकलता फिजिशियनना दाखवा.

प्रश्न : मुलगी बेळगावात हॉस्टेलला असते. परीक्षा झाल्यापासून केस गळतात, पाळी लांबली आहे. ताणानं असं होतं का? (निपाणीहून एक आई)

उत्तर : होतं. केस ताणाच्या दिवसांत नव्हे, दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून कारण चटकन लक्षात येत नाही. जेवण टाळल्यानं आणि ताणानं मेंदूकडून अंडाशयाला जाणारे इशारे मंदावतात. तरी हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या. तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्याच, आणि डॉक्टरांशी तिला एकटीला बोलू द्या. तुमच्यासमोर ती सगळं सांगणार नाही.

दोन आठवडे सतत उदास असेल, कशात मन लागत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे भाषा निवडता येते. जगणं नकोसं झाल्याचं बोलली तर फोनवर समजूत घालत न बसता त्याच दिवशी तिच्याजवळ जा.