फोल्डर माझाच, मग परवानगी कुणाची?

प्रश्न : मी गेल्या मे महिन्यात माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले. पावसाळ्यात जुना संगणक बंद पडला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने आतली हार्ड डिस्क काढून एका डबीत बसवून दिली. ती नव्या लॅपटॉपला (विंडोज ११) जोडली. डिस्क दिसते, पण 'युजर्स'मधल्या माझ्या नावाच्या फोल्डरला हात लावला की 'तुम्हाला परवानगी नाही'. नाव तेच, पासवर्ड तोच, लॅपटॉपची ॲडमिनिस्ट्रेटरही मीच! आत फोटो आणि बावीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत. शिवाय सेटिंग्जमध्ये 'काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते' असं येतं. मी घरी बसलेली बाई, माझी कुठली संस्था?
— निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : ताई, तो नकार ज्या चौकटीत येतो, तिथेच 'कंटिन्यू' नावाचं बटण आहे. ते दाबा आणि चहा टाका. वरच्या पत्त्याच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत राहील, फोटो जास्त असतील तर बराच वेळ. मध्येच डबीची वायर काढू नका. दहापैकी आठ जणांचं काम माझ्या दुकानात एवढ्यावरच होतं.

आता नाव तेच असून नकार का? हे तुम्हाला मी काय सांगायचं! मुलगी एका शाळेतून दाखला घेऊन दुसरीत गेली की नाव तेच राहतं, पण जनरल रजिस्टरचा नंबर नवा पडतो. विंडोजही नावाने कुणाला ओळखत नाही. खातं उघडताना ते एक लांबलचक नंबर देतं, एस-१-५-२१ असा सुरू होणारा. माझ्या समोरच्या संगणकात माझ्या नंबराच्या शेवटी १००१ आहे. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस या फाइली साठवायच्या पद्धतीत प्रत्येक फाइलवर हा नंबरच लिहिला जातो, नाव नाही. तुमच्या फोल्डरवर जुन्या संगणकातला नंबर आहे. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सिक्युरिटी' उघडून बघा, 'अकाउंट अननोन' म्हणून तो बसलेला दिसेल. (पेनड्राइव्हला हा त्रास नसतो. त्यावर बहुधा एफएटी३२ किंवा एक्सफॅट या साठवायच्या दुसऱ्या पद्धती असतात, त्यांच्याकडे रजिस्टरच नाही.)

आणि ॲडमिनिस्ट्रेटरचं म्हणाल, तर २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून ॲडमिनिस्ट्रेटरसुद्धा एरवी साध्या माणसाच्या हक्कांवरच वावरतो. विचारून 'हो' म्हटलं, तेवढ्या कामापुरता अधिकार मिळतो.

'कंटिन्यू'ने भागलं नाही, तर 'सिक्युरिटी'त 'ॲडव्हान्स्ड' उघडा. वर 'ओनर'च्या समोर 'चेंज' आहे, तिथे स्वतःचं खातं द्या, खालच्या 'रिप्लेस ओनर…' वर खूण करा आणि 'ओके'. मालक झालं म्हणजे लगेच वाचता येतं असं नाही. पण मालकाला स्वतःला परवानगी देता येते. तेव्हा पुन्हा 'सिक्युरिटी'त येऊन आपल्या खात्याला 'फुल कंट्रोल' द्या.

हे सगळं फक्त त्या डबीतल्या, तुमच्या नावाच्या फोल्डरपुरतं. लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर अजिबात नको. मी एकदा हुशारी करून शेजाऱ्यांच्या अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी बदलली होती. दुसऱ्या दिवशी स्टार्ट मेनूच उघडेना. विंडोज नव्याने घालून दिलं, पैसे अर्थातच घेतले नाहीत.

फाइलींवर छोटं कुलूप दिसलं, तर मात्र थांबा. त्या फाइली जुन्या खात्याने सांकेतिक करून ठेवलेल्या आहेत, मालकी बदलून उपयोग नाही. तो दुरुस्तीवाला डिस्क पुसायला निघाला, तर पुसू देऊ नका.

आता संस्था. तुम्ही लॅपटॉपवर कधी शाळेच्या ई-मेलने लॉगिन केलंत का, जुन्या प्रश्नपत्रिका काढायला वगैरे? त्या वेळी 'माझ्या संस्थेला हे उपकरण सांभाळू द्या' अशी खूण आपसूक केलेली असते, आणि आपण घाईत 'ओके' करतो. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स', मग 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' बघा. शाळेचं खातं असेल तर 'डिसकनेक्ट' करा. त्याआधी शाळेच्या वनड्राइव्हमधलं हवं ते उतरवून घ्या, कारण ते खातं शाळा केव्हाही बंद करेल. तिथे काहीच नसेल, तर भाच्याला विचारा, 'लॅपटॉप फास्ट करायला' काही टाकलंस का रे? असले प्रोग्राम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या वहीत, कार्यालयी धोरणाच्या नोंदी करून ठेवतात आणि विंडोजला वाटतं, कुणी साहेब वर बसलेत.

आणखी एक, कारण पुढचं पत्र त्याचंच येणार. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'समोर भरलेला चौकोन दिसेल. तो बहुतेक सगळ्या फोल्डरांवर असतो आणि त्याने फोल्डर बंद होत नाही. काढायला जाऊ नका, पुन्हा उघडलंत की तिथेच असेल.