माझी १८९० च्या मुंबईत घडणारी पहिली गुप्तहेर कादंबरी पुढच्या महिन्यात येते आहे. प्रकाशन समारंभ कसा करावा?

समारंभाचं सांगतोच. पण आधी एक सांगा, कादंबरीतली घड्याळं तपासलीत का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की सगळा उलगडा बोरीबंदरहून सुटणाऱ्या नऊच्या गाडीवर होतो, म्हणून विचारलं. १८९० साली मुंबईत दोन वेळा नांदत होत्या. शहर मुंबईवेळेवर चाले, म्हणजे ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे मद्रासवेळेवर, म्हणजे ५ तास २१ मिनिटं पुढे. स्टेशनातलं घड्याळ गिरगावातल्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे. आता समजा तुमचा साक्षीदार म्हणतो, 'आमच्या घड्याळात साडेआठ झाले तेव्हा तो गिरगावात आमच्या ओटीवर होता.' मग संशयित घोडागाडी करून नऊची गाडी पकडतो. तुमच्या हिशोबाने त्याच्या हातात अर्धा तास आहे. प्रत्यक्षात घरात साडेआठचा ठोका पडला तेव्हा स्टेशनात नऊ वाजून गाडी हललेली असणार.

यावर दोन उपाय आहेत. प्रत्येक वेळेपुढे ती कुठल्या घड्याळातली हे संवादातच येऊ द्या. नाहीतर हा अर्धा तास हाच उलगडा करा. दोन साक्षीदार खरं बोलतायत आणि तरी जबान्या जुळत नाहीत, यापेक्षा चांगला पेच विकत मिळणार नाही. कथा १ जानेवारी १९०६ नंतर सरकवाल तर भारतीय प्रमाणवेळ येते आणि फरक ३९ मिनिटांचा होतो, कारण शहराने मुंबईवेळ त्यानंतरही बरीच वर्षं सोडली नव्हती.

तपासायची दुसरी जागा कबुलीची. पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातलं २५ वं कलम. त्यामुळे खुनी इन्स्पेक्टरपुढे रडला आणि थेट फासावर गेला, हा शेवट कोर्टात टिकत नाही. कबुली मॅजिस्ट्रेटपुढे घ्या. किंवा त्याच्या सांगण्यावरून विहिरीतून सुरा निघू द्या, २७ व्या कलमात ते बसतं. बोटांच्या ठशांचा मोह टाळा, कलकत्त्याचा ठसे विभाग १८९७ चा आहे. विष हवं तर सोमल, म्हणजे आर्सेनिक, खुशाल वापरा. तो शोधणारी मार्श चाचणी १८३६ पासून होती.

"कादंबरी आहे हो, इतिहास नाही," असं एक संपादक स्नेही मला अजून ऐकवतात. दरबारी कादंबरीत अंगरख्याचा रंग चुकला तर कुणाचं काही बिघडत नाही. इथे तपशील हाच पुरावा असतो. तो खोटा निघाला की वाचकाशी मांडलेला डाव खोटा, मग भाषा कितीही गोड असो. स्नेही हे वाचतीलच.

तर समारंभ. गुप्तहेर कादंबरीच्या प्रकाशनात सगळ्यात धोकादायक माणूस म्हणजे अध्यक्ष. आपल्याकडे वक्ता पुस्तक वाचून आलाय हे सिद्ध करायला अख्खं कथानक सांगतो, आणि दहाव्या मिनिटाला खुनी कोण ते सभागृहाला कळतं. 'कृपया शेवट सांगू नका' या चिठ्ठीचा उपयोग होत नाही. वक्त्यांना शेवटचे दोन फर्मे (एकत्र छापून दुमडलेल्या सोळा पानांचा एक फर्मा), म्हणजे ३२ पानं, वगळून बांधलेली प्रत द्या. राग आला तर समारंभानंतर पूर्ण प्रत सही करून द्यावी. प्रस्तावनेचं तेच. ज्येष्ठांची प्रस्तावना हवीच असेल तर ती पुस्तकाच्या शेवटी छापा.

वक्ते दोनच ठेवा, त्यातला एक त्या काळाचा जाणकार. अभिवाचन सात-आठ मिनिटांचं, प्रेत सापडतं तिथे थांबणारं. तपास वाचायला घेतलात की लोक मोबाइल काढतात. शाल-श्रीफळासकट सगळं दीड तासात आटपा. शंभर माणसं आली आणि तीस प्रती गेल्या तर मी खूश असेन, त्यामुळे हॉलवर पाचशेचे गठ्ठे वाहून नेऊ नका. पहिली आवृत्ती पाचशेची पुरे, आणि प्रकाशनपूर्व सवलत समारंभाच्या दिवशीच बंद करा.

प्रती बाइंडरकडून निदान आठवडाभर आधी हातात घ्या आणि प्रत्येक गठ्ठ्यातल्या दोन-तीन शेवटपर्यंत उलटून पाहा. २५६ पानांचं पुस्तक म्हणजे सोळा पानी सोळा फर्मे. त्यातला एक उलटा किंवा दुबार लागला तर इतर कादंबरीचा वाचक कुरकुरतो, तुमचा वाचक पैसे परत मागेल. मुखपृष्ठही आत्ताच बघा, कारण तेच निमंत्रणावर जाणार. चित्रकाराने ट्रामच्या डोक्यावर विजेची तार काढली असेल तर ती पुसायला सांगा. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ ला आली, विजेची १९०७ ला.

स्वतःच प्रकाशक असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, फुकट मिळतो, एजंटाला पैसे देऊ नका. प्रकाशनानंतर ३० दिवसांत १९५४ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते.

हे सगळं पुण्या-मुंबईच्या सभागृहांपुरतं. तालुक्याच्या वाचनालयात करणार असाल तर सवलत समारंभानंतरही चालू ठेवा, तिथली खरेदी सावकाश होते. आणि पुढची कादंबरी पेशवाईतली असेल तर मिनिटं विसरा. २४ मिनिटांची एक घटका, साडेसात घटकांचा एक प्रहर, त्या मापाने साक्षी बसवा.