‘माझ्यामुळे टीम मागे पडते’

“मॅडम, सुरुवातीला काय उत्साह होता! आता तिकडे पाऊलच वळत नाही.” समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं ‘सुरुवातीला’ म्हटलं की पुढचं मला आधीच ऐकू येतं. कुणी मॅरेथॉनच्या ग्रुपमधलं असतं, कुणी ढोल-ताशा पथकातलं, आणि अलीकडे ऑफिसजवळच्या जिममधल्या इनडोअर रोइंगच्या टीममधलीही माणसं येऊ लागली आहेत. एकट्यानं व्यायाम करणारा कंटाळला तर गुपचूप सोडून देतो, त्याला माझी पायरी चढावी लागत नाही. टीममधला माणूस मात्र अडकतो. जाववत नाही आणि सोडवतही नाही. “मोटिव्हेशन कसं टिकवायचं ते सांगा,” म्हणत तो येतो. त्याला माझ्याकडून चार युक्त्या हव्या असतात.

युक्त्या मी देते, पण नंतर. माझ्याकडे येणाऱ्यांना एव्हाना ठाऊक झालंय की मी ‘धीर धरा, जमेल’ म्हणणाऱ्यांतली नाही.

पुढची हकिगत एकीची म्हणून लिहिली असली, तरी तिच्यात दोघा-तिघांचे तपशील मिसळलेले आहेत. टीममधली मुलं त्यांना ‘काकू’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, बँकेत अधिकारी, राहायला मुलुंड, नोकरी परळला. जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमधल्या जिममध्ये सकाळी सहाला सहा जणांची टीम जमते. बाकीचे पाचही जण तिशीतले. खऱ्या नावेत यांच्यापैकी कुणीही कधी बसलेलं नाही, पण रोइंग मशीनवर मात्र सगळे जीव तोडून वल्हवतात.

ज्यांनी हे मशीन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाय पट्ट्यांत अडकवायचे, सरकत्या सीटवर बसायचं आणि साखळीचा दांडा ओढायचा. आधी पायांचा जोर, मग पाठ, शेवटी हात. समोर पंख्याचं चाक फिरतं; जितकं जोरात ओढाल तितकी हवा जास्त अडवते. छोट्या पडद्यावर मीटर दिसतात, आणि याच वेगानं ५०० मीटरला किती वेळ लागेल तेही दिसतं. त्याला स्प्लिट म्हणतात. ‘दोन-दहा’ म्हणजे दोन मिनिटं दहा सेकंद; आकडा जितका कमी तितका वेग जास्त. शर्यत सहसा २००० मीटरची. शिवाय हे मशीन बनवणाऱ्या कॉन्सेप्ट टू कंपनीची ऑनलाइन आव्हानं असतात. त्यातलं टीमचं आव्हान १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर असं चालतं. जगभरातल्या टीम आपापले मीटर नोंदवतात आणि टीममधल्या सगळ्यांची बेरीज होते. म्हणजे आपल्याकडे ऐन गणपती-नवरात्रीच्या धामधुमीत. काकूंची टीम त्यात उतरली होती. रोज मशीनच्या पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, असा नियमही ठरला होता.

“त्या फोटोंनीच घात केला,” काकू म्हणाल्या. “सगळ्यांचे दोन-दहा, दोन-पंधरा. माझा आपला दोन-तीस. माझ्यामुळे टीम मागे पडते हो. मग मी एक दिवस गेले नाही, मग दुसऱ्या दिवशी... कधी लोकल, कधी सासूबाईंचं बरं नाही. आता कारणंसुद्धा संपली.”

“टीममधून कुणी काही बोललं?”

“छे! उलट ‘काकू, या ना’ म्हणतात. त्यानं जास्तच लाज वाटते.”

पहिल्या एक-दोन भेटी त्यांना स्वतःला आळशी म्हणवून घेण्यातच गेल्या. मी त्याला दाद दिली नाही. ज्या बाई पहाटे उठून दोन डबे भरून सहाला परळला पोचत होत्या, त्यांच्या आळशीपणावर माझा विश्वास बसणं कठीण होतं. शिवाय बरीच वर्षं या खुर्चीत बसून मला एक गोष्ट पटली आहे: उत्साह आटला म्हणून येणाऱ्यांत खरोखर उत्साह आटलेले थोडे, आणि आपण कमी पडताना दिसू नये म्हणून दूर गेलेले फार. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. उपाय मात्र वेगळे. पहिल्याला नवं काहीतरी द्यावं लागतं, दुसऱ्याला नवं काही दिलं की तो तिथूनही पळतो.

तिसऱ्या भेटीत मी हिशेबच काढला. हिशेब हा बँकेतल्या माणसाचा प्रांत, म्हणून मुद्दाम.

“तुम्ही गेला नाहीत त्या दिवशी टीमच्या बेरजेत तुमचे किती मीटर?”

“शून्य.”

“आणि दोन-तीसच्या स्प्लिटनं अर्धा तास केलं असतंत तर?”

त्यांनी तोंडीच केलं. “सहा हजार.”

“बेरीज करताना हळू झालेले मीटर कमी धरतात का?”

“नाही.” मग जरा चिडून, “तसं नाही हो मॅडम. आकडे मला कळतात.”

“मग टीम मागे कशानं पडते? तुमच्या येण्यानं की न येण्यानं?”

त्या गप्प झाल्या. अशा वेळी समुपदेशकाला बोलायची फार खुमखुमी येते. आपणच वाक्य पुरं करावं, आपली हुशारी दाखवावी. मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि थांबले. बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, आणि आवाज अगदी बदललेला होता, “म्हणजे मी टीमची काळजी करतच नव्हते. मला फक्त शेवटची दिसायचं नव्हतं.”

मी काहीच म्हटलं नाही. त्याच पुढे म्हणाल्या, “आणि नाव मात्र टीमचं पुढे करत होते.”

काकू स्वतःला दोष देऊन रडतील, असं मला वाटलं होतं. त्या हसल्या. टीमचं भलं व्हावं म्हणून घरी बसलेली बाई! ते हसू मला फार मोलाचं वाटलं. माणूस स्वतःच्या एखाद्या समजुतीवर हसला की ती समजूत पूर्वीइतक्या तोऱ्यात परत येत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

इथे माझी बैठक सांगून टाकते, लपवण्यासारखं काही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली आणि डॉ. कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी मानते. प्रसंग आपल्याला थेट दुखवत नाही. प्रसंगाबद्दल आपण स्वतःशी जे बोलतो त्यानं आपण दुखावतो. दोन-तीसचा आकडा हा प्रसंग. ‘मी शेवटची असता कामा नये, असले तर मी इथे बसायच्या लायकीची नाही’ हे काकूंचं बोलणं. आकडा बदलायला महिने लागतात. बोलणं बदलायलाही वेळ लागतो, पण ते आजपासून सुरू करता येतं.

आणि टीमबद्दल तर एक गंमतच आहे. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून मोजणी केली होती. ती १९१३ मध्ये छापून आली. जितकी माणसं जास्त, तितका प्रत्येकाचा जोर कमी पडला. त्यात ओढण्याचा ताळमेळ चुकण्याचा भाग होताच. पण नंतरच्या संशोधकांना असंही दिसलं की आपला वाटा वेगळा मोजला जात नाही म्हटल्यावर माणसं हात आखडतात, आणि मोजला जातोय म्हटल्यावर पुष्कळदा नेटानं कामाला लागतात. दुसरा प्रयोग जर्मनीतल्या ओटो कोह्लरचा, १९२६ मधला, आणि तोही बर्लिनच्या रोइंग क्लबातल्या माणसांवर. त्यानं त्यांना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्यानं, मग जोडीनं. जोडीत एकानं हात टेकले की दोघांचं संपलं. जोडीतला कमजोर गडी एकटा असताना टिकला होता त्याहून जास्त वेळ जोडीत टिकला. दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असेल तर हा परिणाम सर्वांत जास्त. फरक फार मोठा असला की तो ओसरतो.

काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे ज्या फोटोंमुळे मी पळाले, तेच मला धरून ठेवू शकतात?” हो, तेच. दिसण्याची भीती गेली की दिसणंच कामाला येतं.

मग मी त्यांना एक काम दिलं, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी जायचं, मुद्दाम सावकाश चालवायचं आणि सगळ्यांच्या आधी आपला फोटो ग्रुपवर टाकायचा. खाली कारण द्यायचं नाही, हसरा चेहरा नाही, ‘आज जरा बरं नव्हतं’ नाही. नुसते आकडे. काकूंनी टाकला. ३००० मीटर, स्प्लिट दोन-अठ्ठेचाळीस.

पुढच्या भेटीत मी विचारलं, “काय झालं?”

“काहीच नाही!” त्या जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. “एकानं अंगठ्याचं चिन्ह टाकलं, बस्स. दिवसभर मी दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. कुणाला पडलेलीच नाहीये हो.”

याचा त्यांना जितका दिलासा वाटला तितकाच थोडा अपमानही वाटला असावा, असा माझा अंदाज आहे. पण त्या फोटोवरून एका मुलानं दुसऱ्या दिवशी विचारलं, “काकू, डँपर कितीवर ठेवता?” पंख्याच्या बाजूला एक खटका असतो, १ ते १० आकड्यांचा, पंख्यात हवा किती शिरणार ते त्यावर ठरतं. काकू १० वर ठेवत. जास्त आकडा म्हणजे जास्त व्यायाम, असा सरळ हिशेब. प्रत्यक्षात १० वर ओढणं जड नाव हाकल्यासारखं होतं, कंबर धरते, आणि बहुतेकांना ३ ते ५ पुरे असतं. खटका ४ वर आला आणि काकूंचं अर्धं ओझं तिथेच उतरलं. मनाचं शास्त्र मला प्रिय आहे, पण ‘जावंसं वाटत नाही’ म्हणणाऱ्याला मी तेव्हापासून कंबर दुखते का, झोप किती होते आणि पायऱ्या चढताना दम लागतो का, हेही हटकून विचारते. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर गोष्ट माझ्या टेबलावरून थेट डॉक्टरकडे जाते.

आणखी एक रुखरुख होती. “तीन-तीन महिने घासून दहा सेकंद कमी होत नाहीत.” हे गणित ऐकण्यासारखं आहे. लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. स्प्लिट दोन-तीसवर माणूस सुमारे १०४ वॉट देत असतो, दोन-वीससाठी सुमारे १२८ लागतात. म्हणजे नुसत्या दहा सेकंदांसाठी जवळजवळ २३ टक्के जास्त जोर. पाच सेकंद सुटले तरी ती मोठी कमाई असते, फक्त पडद्यावर ती एवढीशी दिसते. टीमशी तुलना करून हे कधीच कळत नाही. म्हणून काकूंनी दोन नोंदी ठेवायच्या ठरवल्या. टीमला फक्त मीटर द्यायचे. सेकंद स्वतःच्या वहीत, स्वतःच्याच गेल्या महिन्याशेजारी.

आता त्या युक्त्या, ज्यांच्यासाठी बहुतेक जण आलेले असतात.

इच्छा होण्याची वाट बघू नका. मी काकूंना विचारलं होतं, “रोजच्या पोळ्या लाटायला तुम्ही इच्छेची वाट बघता का?” वेळ आली की हात कणकेकडे जातात. पहिले ५०० मीटर इच्छेशिवायच करायचे असं धरून चाला. अडीच-तीन मिनिटांचं काम आहे. त्यानंतरही नको वाटलं तर उठून खुशाल घरी जा. फार थोडे उठतात.

वाईट दिवसासाठी एक छोटा आकडा आधीच ठरवून ठेवा, २००० मीटर सावकाश, वगैरे. पावसाळ्यात लोकल रखडतात, नवरात्रीत झोप होत नाही, मार्चअखेरीस बँकवाल्यांचं डोकं ठिकाणावर नसतं. असे दिवस येणारच. मोठं ध्येय त्या दिवशी आपल्याला घरी बसवतं.

येणार नसाल तर ‘आज येत नाही’ एवढंच लिहा. कारणांची रास रचली की दुसऱ्या दिवशी ती निभवावी लागते, आणि माणसाला मशीनपेक्षा त्या कारणांचाच जास्त कंटाळा येतो.

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ मी अनेकांना आठवून देते. दुष्काळी भागातला मुलगा, सैन्यात जाऊन रोइंग शिकला, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्यानं नाव वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्याच प्रकाराच्या अंतिम फेरीत, अंगात आजार असताना, तो सहावा आला, म्हणजे शेवटचा. साऱ्या देशानं पाहिलं. दुसऱ्याच दिवशी तो चौघांच्या नावेत बसला आणि त्या नावेनं सुवर्णपदक आणलं. शेवटचं दिसल्यावरही दुसऱ्या दिवशी नावेत बसता येतं, एवढंच मला त्यातून दाखवायचं असतं.

टीम चालवणाऱ्यांनाही दोन शब्द. ग्रुपवर क्रमवारी टाकू नका, बेरीज टाका. जोड्या लावताना सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू यांना एकत्र बसवायचा मोह आवरा. थोडंसंच पुढे असलेलं माणूस शेजारी द्या. आणि कुणी हसून हिणवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. तसं होत नसेल, तर ती टीम सोडलेली बरी, असंही मी माझ्याकडच्या लोकांना सांगते. प्रत्येक टीम टिकवण्याच्या लायकीची नसते.

काकू आजही सहा जणांत सर्वांत हळू आहेत. स्प्लिट दोन-बावीसपर्यंत आलाय, बाकीचेही पुढे गेलेत. मध्यंतरी त्यांचा फोन आला, पण स्वतःसाठी नव्हता. टीममधली एक मुलगी आठवडाभर फिरकली नव्हती, रोज नवं कारण पाठवत होती. “मला तर सगळं ओळखीचं वाटतंय. तिला काय लिहू?” मी म्हटलं, ‘का येत नाहीस’ सोडून काहीही लिहा. काकूंनी लिहिलं: “उद्या माझ्या शेजारचं मशीन धरून ठेवतेय. मी हळूच चालवणार आहे.”