रोज मॉक टेस्ट देऊनही मार्क वाढत नाहीत?

"मॅडम, रोज एक मॉक देते तरी मार्क हलतच नाहीत" हे वाक्य नीट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची परीक्षा, जवळ आली की मला सारखं ऐकू येतं. मागे सिडकोतून एक ताई मुलीला घेऊन आल्या, कॉलेज रोडला क्लास, अभ्यास भरपूर आणि पोरगी अगदी रडकुंडीला आलेली. ताईंचा प्रश्न एकच, अजून एक टेस्ट सिरीज लावू का?

मी म्हटलं आधी सोडवलेले पेपर दाखव. तिने बॅगेतून गठ्ठा काढला, प्रत्येकावर लाल पेनाने मार्क आणि आत चुकलेल्या प्रश्नांपाशी एक अक्षर नाही. मार्क बघायचे, वाईट वाटून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी नवा पेपर. मग तीच चूक परत होणारच ना!

एकच पेपर घेऊन बसलो. केमिस्ट्रीत "चुकीचं विधान कोणतं" असं विचारलेलं आणि हिने पहिलंच बरोबर विधान दिसलं तिथे टिक करून टाकलेलं, धडा मात्र तोंडपाठ. असे बरेच निघाले. बरोबर उत्तराचे हातचे 4 गेले, वर चुकीच्या उत्तराचा 1 कापला, म्हणजे एका घाईत 5 मार्कांचा फरक!

मग ठरवलं, पूर्ण पेपर आठवड्याला एक, फार तर दोन, आणि दुसरा अख्खा दिवस त्याच पेपरला. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण लिहायचं, येतच नव्हतं, आकडेमोड चुकली की नीट वाचलंच नाही. तुक्का लागून बरोबर आलेलेसुद्धा यात धरायचे, मुलं नेमके तेच सोडून देतात आणि खऱ्या पेपरात तिथेच अडकतात. आठवड्याने तेच प्रश्न उत्तर न बघता परत सोडवायचे.

आणि रात्री गादीवर पडून मोबाईलवर पेपर द्यायचा नाही. नीट दुपारी 2 ते 5 असते, 180 प्रश्न, 180 मिनिटं, आणि ओएमआरचे, म्हणजे उत्तरपत्रिकेवरचे, गोळे भरायचा वेळही त्यातच. तेव्हा एप्रिलच्या उन्हात जेवण झाल्यावर डोळे मिटायला लागतात ना, त्याच वेळी बसायचं, पेनाने गोळे भरत.

ताईंना सांगितलं, पेपर झाल्या झाल्या "किती पडले" विचारू नका, "कुठे अडलीस" विचारा. पुढच्या वेळी आली तेव्हा मार्क थोडेच वाढलेले, पण फिजिक्समध्ये युनिट बदलायचं राहतं हे तिनेच मला सांगितलं. शेवटचे दोन दिवस तर नवा पेपर हातातही घेऊ नका, तेव्हा फक्त चुकांची वही.