तुवालूचे माजी पंतप्रधान एनेले सोपोआगा सत्तेवर कसे आले आणि पायउतार कसे झाले?

तुवालू या प्रशांत महासागरातील छोट्या द्वीपराष्ट्रात राजकीय पक्ष नाहीत. 2013 मध्ये संसदेत अवघे 15 सदस्य होते, त्यामुळे एकदोघांनी बाजू बदलली तरी सरकार डळमळीत होत असे, हे आधी लक्षात घ्यावे लागते.

सोपोआगा मूळचे मुत्सद्दी. संयुक्त राष्ट्रांत त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले होते. त्यांचे बंधू सौफातु सोपोआंगा हेही पूर्वी पंतप्रधान होते. 2010 मध्ये नुकुफेताऊ या प्रवाळद्वीपातून निवडून येऊन एनेले उपपंतप्रधान झाले. परंतु ते सरकार काही महिन्यांतच अविश्वास ठरावाने कोसळले, विली तेलावी पंतप्रधान झाले आणि सोपोआगा विरोधी पक्षनेते बनले. (पक्षच नसलेल्या देशात ही संज्ञा जरा विचित्रच वाटते.)

खरी कसोटी 2013 मध्ये लागली. पोटनिवडणुकीत विरोधकांचा उमेदवार विजयी झाल्याने तेलावी यांचे बहुमत गेले, तरीही ते संसदेचे अधिवेशन बोलावण्यास टाळाटाळ करत राहिले. अखेर गव्हर्नर जनरल (म्हणजे तुवालूच्या राष्ट्रप्रमुख असलेल्या ब्रिटिश राणीचे प्रतिनिधी) इयाकोबा इतालेली यांनी 1 ऑगस्ट रोजी त्यांना पदावरून दूर करून सोपोआगा यांना हंगामी पंतप्रधान नेमले. राजप्रतिनिधीने असे पाऊल उचलणे विरळाच. परंतु लगेच संसदेनेही सोपोआगा यांचीच निवड केल्यामुळे त्यांच्या पदाला लोकप्रतिनिधींचे पाठबळ मिळाले, असे मला वाटते.

2015 मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि त्यांनी पॅरिसच्या हवामान परिषदेत तापमानवाढ 1.5 अंशांपर्यंत रोखण्याचा आग्रह धरला. 2019 च्या निवडणुकीत त्यांनी स्वतःची जागा राखली. मात्र पंतप्रधानपदाच्या मतदानात कौसेआ नतानो यांनी 10 विरुद्ध 6 मतांनी बाजी मारली.